पापवा सेवगोलम
सेवसंकर ऊर्फ पापवा सेवगोलम (मृत्यू : १९७८) हे दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाचे व्यावसायिक गोल्फपटू होते. नाताळ प्रांताची नाताळ ओपन ही स्पर्धा त्यांनी १९६३ आणि १९६५ मध्ये जिंकली. वर्णभेदाच्या राजवटीत गोऱ्यांची मक्तेदारी असलेल्या या स्पर्धेत एका श्वेतेतर खेळाडूने विजेतेपद मिळवणे ही केवळ क्रीडाविषयक घटना राहिली नाही.

जडणघडण

डर्बन येथील गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. लहानपणापासून ते गोल्फ मैदानावर कॅडी (खेळाडूची साधने वाहणारा मदतनीस) म्हणून काम करत आणि तेथेच पाहून पाहून खेळ शिकले. प्रशिक्षक नसल्यामुळे त्यांची काठी धरण्याची पद्धत रूढ पद्धतीच्या नेमकी उलट राहिली. उजव्या हाताचे खेळाडू डावा हात वर व उजवा हात खाली ठेवतात. सेवगोलम यांचा डावा हात खाली असे. ही पकड चुकीची मानली जाई, परंतु त्यांनी ती कधीही बदलली नाही.

ग्रॅहम वुल्फ या उद्योजकाच्या साहाय्याने ते १९५९ मध्ये युरोपात गेले आणि त्याच वर्षी त्यांनी डच ओपन जिंकली. १९६० व १९६४ मध्येही हे विजेतेपद त्यांना मिळाले. परदेशात ते इतर खेळाडूंच्या बरोबरीने वावरत. मायदेशी मात्र गोऱ्यांच्या स्पर्धेत उतरण्यासाठी सरकारी परवानगी लागे.

नाताळ ओपन

१९६३ ची स्पर्धा डर्बन कंट्री क्लबच्या मैदानावर झाली. सेवगोलम यांना खेळण्याची परवानगी होती, क्लबच्या इमारतीत पाऊल ठेवण्याची नव्हती. हॅरल्ड हेनिंग यांच्यासारख्या नामवंत खेळाडूंना मागे टाकून ते विजयी झाले. बक्षीस समारंभाच्या वेळी पाऊस सुरू होता. गोरे खेळाडू व पाहुणे छपराखाली राहिले आणि विजेत्याने करंडक बाहेर भर पावसात स्वीकारला. या प्रसंगाचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले. वर्णभेदाचे स्वरूप समजावून सांगायला शेकडो पानांचे अहवाल जे करू शकले नसते, ते त्या एका चित्राने केले. क्रीडाक्षेत्रात दक्षिण आफ्रिकेवर बहिष्कार घालण्याची मागणी करणाऱ्यांच्या हाती त्यामुळे एक ठळक उदाहरण आले.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकन ओपनमध्ये त्यांना दुसरे स्थान मिळाले. १९६५ च्या नाताळ ओपनमध्ये त्यांनी गॅरी प्लेअर यांना हरवले. प्लेअर हे तेव्हा देशातील सर्वांत ख्यातनाम गोल्फपटू होते आणि त्याच वर्षी त्यांनी यू. एस. ओपनही जिंकली; यावरून या विजयाचे मोल लक्षात येते.

बंदी व अखेर

पहिला विजय अपवाद म्हणून खपवून घेता आला असता, दुसरा नाही. लवकरच सरकारने सेवगोलम यांना गोऱ्यांच्या स्पर्धांत खेळण्याची परवानगी नाकारली आणि त्यांचे पारपत्रही काढून घेतले. देशातील प्रमुख मैदाने बंद, परदेशाची वाटही बंद, अशा अवस्थेत ऐन भरातील त्यांची कारकीर्द संपली. त्यांनी स्वतः राजकीय भाषणे केली नाहीत. खेळू द्यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. उर्वरित आयुष्य हलाखीत काढून पन्नाशी गाठण्यापूर्वीच त्यांचे हृदयविकाराने निधन झाले.

वर्णभेदाची राजवट संपल्यानंतर दक्षिण आफ्रिकेने त्यांना मरणोत्तर ऑर्डर ऑफ इखामांगा हा राष्ट्रीय सन्मान दिला. डर्बनमधील एका सार्वजनिक गोल्फ मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.