न दिसलेल्या विषाणूवरची लस

लुई पाश्चर डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील डोल या गावी कातडी कमावणाऱ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला. मद्य आणि दूध का नासते, याचा शोध घेता घेता ते सूक्ष्मजीवांकडे आणि तिथून रोगांकडे वळले. १८६८ मध्ये पक्षाघाताने डावी बाजू अधू झाली, तरी काम थांबले नाही.

१८८० च्या सुमारास त्यांनी रेबीज अभ्यासाला घेतला. पण या रोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसेना, काचेच्या भांड्यात वाढेना. कारण तो जिवाणू नव्हता, विषाणू होता. विषाणू म्हणजे आवरणात गुंडाळलेले जनुकीय द्रव्य. त्याला स्वतःहून वाढता येत नाही. जिवंत पेशीत शिरून तो तिच्याकडूनच आपल्या प्रती तयार करून घेतो. हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. पाश्चर यांनी तो जंतू सशांमध्ये वाढवला आणि त्यांचे मज्जारज्जू कोरड्या हवेत वाळवून त्याचा जोर कमी केला.

६ जुलै १८८५ रोजी आल्सासमधील नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला त्याची आई पॅरिसला घेऊन आली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याचे अनेक लचके तोडले होते. लस माणसासाठी सिद्ध झालेली नव्हती. न टोचावी, तर मृत्यूची भीती. अखेर डॉ. ग्रँशे यांनी लस टोचली. सुमारे दहा दिवसांत १३ इंजेक्शने झाली. मुलगा वाचला.

चावल्यानंतर दिलेली लस उपयोगी कशी पडते? रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंत शिरतो आणि हळूहळू मेंदूकडे सरकतो. त्याला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात. तेवढ्यात लसीमुळे शरीरात प्रतिपिंडे तयार होतात. चावा चेहऱ्यावर असेल तर अवधी कमी मिळतो. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही.

पाश्चर १८९५ मध्ये गेले. तो विषाणू त्यांना कधीच दिसला नाही.

आमच्याकडे आजही जखमेवर मिरचीपूड किंवा चुना लावून, चार दिवस वाट पाहून रुग्ण येतात. तसे करू नका. कुत्रा चावला, की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत आणि तिच्याभोवती प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. पोटात चौदा सुया घेण्याचे दिवस गेले. आता लस दंडावर देतात. ठरलेले सगळे डोस मात्र पूर्ण करा.