आपल्या चुका लिहून ठेवणारे शस्त्रवैद्य: डॉ. अर्नेस्ट कॉडमन

आपल्या यशाचा हिशेब ठेवणें मनुष्यास आवडतें. चुकांचा हिशेब ठेवणारे थोडे, आणि तो चव्हाट्यावर मांडणारे त्याहूनही थोडे. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं असे एक शस्त्रवैद्य होऊन गेले. त्यांचें नांव डॉ. अर्नेस्ट अमोरी कॉडमन. खांद्याच्या दुखण्यांविषयीं आज डॉक्टरांस जें ज्ञान आहे, त्याचा पाया पुष्कळ अंशीं त्यांनीं घातला. आणि रुग्णालयानें आपल्या कामाचा जाब दिला पाहिजे, या तत्त्वासाठीं त्यांनीं स्वतःचें नुकसान सोसलें. त्यांचें चरित्र आमच्या वाचकांस बोधप्रद होईल असें वाटून तें आम्ही येथें संक्षेपानें देत आहों.

कॉडमन यांचा जन्म ३० डिसेंबर १८६९ रोजीं बोस्टन येथें झाला. हार्वर्ड विद्यापीठांत शिक्षण घेऊन १८९५ सालीं ते डॉक्टर झाले. पुढें मेंदूच्या शस्त्रक्रियेंत जगप्रसिद्ध झालेले हार्वी कुशिंग हे त्यांचे सहाध्यायी व स्नेही होते. त्या काळीं शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्यास ईथर हुंगविण्याचें काम विद्यार्थ्यांकडे असे, व त्यांत कांहीं रोगी दगावत. ईथर अधिक चांगल्या रीतीनें कोण देतो, अशी या दोघां मित्रांनीं पैज लावली. आणि शस्त्रक्रिया चालू असतां रोग्याची नाडी व श्वास वेळोवेळीं कागदावर टिपून ठेवण्याचा प्रघात पाडला. पैज तेव्हांच संपली, पण तो कागद राहिला. आज कोणत्याही शस्त्रक्रियेच्या वेळीं अशी नोंद ठेवल्यावांचून चालत नाहीं.

१८९५ च्या अखेरीस क्ष-किरणांचा शोध लागला, तेव्हां तरुण कॉडमन यांनीं त्यांचा अभ्यास तत्काळ हातीं घेतला. त्या किरणांच्या साह्यानें त्यांनीं व डॉ. चेस यांनीं मनगटाच्या दुखापतींवर एक निबंध लिहून १९०५ सालीं प्रसिद्ध केला. मनुष्य पडतांना हात पुढें टेकतो, आणि सर्व भार मनगटावर येतो. तेथें अंगठ्याच्या बाजूस नावेच्या आकाराचें एक लहानसें हाड आहे. तें पुष्कळदां मोडतें, पण सूज थोडी असल्यामुळें लोक तिला लचक समजतात. या हाडास रक्ताचा पुरवठा बेताचाच असल्यामुळें तें उपचारावांचून नीट सांधत नाहीं, व पुढें मनगट जन्माचें अधू होतें. अंगठ्याच्या मुळाशीं जो खळगा पडतो, तेथें दाबल्यानें दुखत असेल, तर ती लचक समजून स्वस्थ बसूं नये. पहिल्या चित्रांत मोड न दिसल्यास कांहीं दिवसांनीं पुन्हा तपासणी करावी लागते.

परंतु कॉडमन यांचें विशेष कार्यक्षेत्र खांदा हें होय. खांदा हा शरीरांतील सर्वांत मोकळा सांधा. दंडाच्या हाडाचा गोल माथा उथळ वाटींत बसलेला असतो, आणि त्यास जागच्या जागीं धरून ठेवण्याचें काम भोंवतालच्या स्नायूंच्या कंडरा, म्हणजे हाडास चिकटलेले बळकट दोर, करितात. त्यांपैकीं एक कंडरा खवाट्याकडून येऊन खांद्याच्या टोकाच्या हाडाखालून जाते. वय वाढतां वाढतां ती झिजते. ओझें उचलतांना किंवा पडल्यामुळें ज्यांचा हात वर होईनासा होतो, अशा पुष्कळ कष्टकऱ्यांची ही कंडरा तुटलेली असते, असें कॉडमन यांनीं दाखवून दिलें. दुसऱ्यानें हात उचलला असतां तो वर जातो, पण आधार काढतांच खालीं पडतो, ही त्याची एक खूण होय. तुटलेली कंडरा शिवून दोन रोग्यांस गुण आल्याचा वृत्तांत त्यांनीं १९११ सालीं छापला.

याच सुमारास त्यांच्या मनांत एका साध्या प्रश्नानें घर केलें. रोगी रुग्णालयांतून घरीं गेला, पण पुढें त्याचें काय झालें? शस्त्रक्रिया पार पडली म्हणजे काम झालें, असें सर्वत्र मानीत. कॉडमन म्हणूं लागले कीं प्रत्येक रोग्याच्या नांवाचें एक कार्ड असावें. वर्षभरानें त्यास पुन्हा बोलावून पाहावें. आणि गुण आला नसेल तर दोष ज्ञानाचा, हाताचा, विचाराचा, साधनांचा कीं रोगाचाच, हें स्पष्ट लिहावें. डॉक्टरांस बढती देखील वयावर न देतां या फलावर द्यावी. त्यांच्या रुग्णालयांत, म्हणजे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत, बढती ज्येष्ठतेनें मिळत असे. १९१४ सालीं त्यांनीं तेथील जागेचा राजीनामा दिला.

पुढच्याच वर्षीं, ६ जानेवारी १९१५ रोजीं, बोस्टनच्या डॉक्टरांच्या एका सभेंत त्यांनीं एक मोठें व्यंगचित्र उघडें केलें. त्यांत श्रीमंत लोकांचा शहामृग वाळूंत डोकें खुपसून उभा आहे, व सोन्याचीं अंडीं डॉक्टरांकडे ढकलीत आहे. आणि खरें काय तें कळलें तर हीं अंडीं मिळतील कीं नाहीं, या विवंचनेंत विद्यापीठाचे व रुग्णालयाचे धुरीण पडले आहेत, असा देखावा होता. सभेंत मोठा क्षोभ झाला. कॉडमन यांस आपलें अध्यक्षपद सोडावें लागलें, हार्वर्ड येथील शिक्षकाची जागा गेली, आणि कित्येक स्नेही दुरावले. त्यांची रीत बोंचक होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्यांचा प्रश्न खोटा होता असें कोणासही म्हणतां आलें नाहीं.

दुसऱ्यांस जें सांगितलें तें त्यांनीं स्वतः करून दाखविलें, ही विशेष गोष्ट होय. १९११ सालीं त्यांनीं एक लहानसें खासगी रुग्णालय काढलें होतें. १९११ ते १९१६ पर्यंत तेथून ३३७ रोगी घरीं गेले. त्यांच्या बाबतींत घडलेल्या १२३ चुका त्यांनीं नोंदून जाहीरपणें छापल्या. त्यांत त्यांच्या स्वतःच्या हातच्या चुकाही होत्या. ६ डिसेंबर १९१७ रोजीं कॅनडांतील हॅलिफॅक्स बंदरांत भयंकर स्फोट झाला, तेव्हां ते जखमी लोकांच्या शुश्रूषेस धांवून गेले. नंतर त्यांनीं सैन्यांत चाकरी केली, आणि १९२० पासून हाडांच्या कर्करोगाच्या रोग्यांची एक नोंदवही चालविली.

१९३४ सालीं त्यांनीं खांद्यावरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्यास आपण खांदा धरला असें म्हणतों, त्या विकारास ‘गोठलेला खांदा’ हें नांव त्यांनींच दिलें. चाळीस ते साठ वयाच्या माणसांस, त्यांतही स्त्रियांस व मधुमेहाच्या रोग्यांस, हा अधिक होतो. खांदा हळूं हळूं दुखूं लागतो, त्या कुशीवर निजवत नाहीं, वेणी घालणें कठीण होतें. आणि दुसऱ्यानें उचलला तरी हात वर जात नाहीं. तुटलेल्या कंडरेहून याचा हाच भेद. बहुतेकांस तो एकदोन वर्षांत पुष्कळसा बरा होतो, म्हणून धीर सोडूं नये; पण हात गळ्यांत बांधूनही ठेवूं नये. पुढें वांकून, चांगला हात मेजावर टेकून, दुखरा हात सैल सोडावा व लंबकाप्रमाणें हळूं झुलवावा, हा व्यायाम कॉडमन यांच्या नांवानें अजून शिकवितात.

२३ नोव्हेंबर १९४० रोजीं ते निवर्तले. पत्नीच्या माहेरच्या मंडळींच्या थडग्यांत त्यांस पुरलें. त्यांच्या नांवाचा दगडही तेथें नव्हता. २०१४ सालीं शस्त्रवैद्यांच्या संस्थांनीं तो बसविला. ज्या विचारासाठीं त्यांस सभेंतून उठविलें, तो आतां अनेक देशांतील रुग्णालयांचा नियम झाला आहे.

या विचारांत आपलाही वांटा आहे, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. डॉक्टर पुन्हा येण्यास सांगतात, आणि आपण बरें वाटलें म्हणून, किंवा बरें वाटलें नाहीं म्हणूनच, जात नाहीं. अशानें चूक झांकली राहते व तीच पुढच्या रोग्याच्या वांट्यास येते. ठरल्या दिवशीं जावें, आणि गुण आला असो वा नसो, खरें तें सांगावें.