अंतरीच्या ख्रिस्ताचा शोधक

नाताळ जवळ आला की गोव्यात घरोघरी गोठे सजतात आणि बेथलेहेमच्या बाळाची कथा नव्याने सांगितली जाते. ही कथा एकदाच घडून गेली, की प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात ती पुन्हा घडावी लागते? ख्रिस्ती धर्मातील गूढवादी शतकानुशतके हा प्रश्न विचारीत आले आहेत. ती अंतरात घडल्यावाचून तरणोपाय नाही, असे निक्षून सांगणारा आणि त्यापायी छळ सोसणारा एक पुरुष म्हणजे जर्मनीतील याकोब ब्योमे. तो धर्मशास्त्री नव्हता. विद्यापीठाची पायरीही त्याने चढली नव्हती. जोडे शिवून तो पोट भरीत असे.

१५७५ साली ग्योर्लिट्झ नगराजवळच्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. प्रकृती नाजूक, शेतीचे कष्ट झेपणार नाहीत, म्हणून त्याला जोडे शिवण्याच्या धंद्यास लावण्यात आले. १५९९ मध्ये तो ग्योर्लिट्झचा नागरिक झाला, एका खाटकाच्या मुलीशी विवाह करून संसाराला लागला. पण मन स्वस्थ नव्हते. ख्रिस्ताच्या नावाने पंथ-पंथ एकमेकांच्या उरावर बसले होते. जगात दुर्जन सुखी का आणि सज्जन दुःखी का, या विचाराने तो खिन्न होई. १६०० साली कथिलाच्या भांड्यावर चमकणारे ऊन पाहता पाहता सृष्टीचे अंतरंग त्याच्यापुढे उलगडले, असे त्याच्या चरित्रकाराने नमूद केले आहे. बारा वर्षे तो अनुभव त्याने मनात मुरू दिला आणि १६१२ मध्ये ‘अरुणोदय’ या ग्रंथात तो शब्दबद्ध करण्याचा यत्न केला.

हे लेखन प्रसिद्धीसाठी नव्हते. परंतु एका सरदार मित्राने त्याच्या नकला करविल्या आणि नगराचा मुख्य धर्मोपदेशक ग्रेगोर रिख्टर याच्या कानी ही गोष्ट गेली. एका जोडे शिवणाऱ्याने ईश्वराविषयी लिहावे, हे त्याला सहन होणे शक्यच नव्हते. १६१३ मध्ये नगरसभेने ब्योमेला बोलावून घेतले, काही काळ अटकेत ठेवले, हस्तलिखित जप्त केले आणि पुन्हा लेखणी न उचलण्याची ताकीद दिली. काही वर्षे त्याने ती निमूटपणे पाळली.

एवढे भय वाटावे असे त्याच्या सांगण्यात काय होते? ख्रिस्त क्रूसावर मेला हे मान्य करणे म्हणजे श्रद्धा नव्हे, तो केवळ इतिहासावरचा विश्वास झाला, असे तो म्हणे. ख्रिस्ताने माणसात जन्मावे, माणसातील ‘मी’ने त्याच्यासह मरावे आणि नव्याने उठावे, यालाच तो धर्म मानी. आदिमानव आदम हा मूळचा स्त्री-पुरुषभेदापलीकडचा होता. सोफिया ही दिव्य प्रज्ञा त्याच्या ठायी वसत होती. स्वार्थबुद्धीने तो तिला मुकला आणि ख्रिस्ताने ती पुन्हा मिळवून दिली, अशी त्याची धारणा होती. अर्धनारीनटेश्वराला वंदन करणाऱ्यांना ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. अग्नी एकच, परंतु दाहक रूपात तो क्रोध आणि प्रकाशरूपात प्रेम; ख्रिस्ताचे कार्य म्हणजे दाहाचे प्रकाशात रूपांतर. ख्रिस्ताचे नावही न ऐकलेला परधर्मी सद्भावाने ईश्वराकडे वळला तर तो ईश्वराचाच, असेही त्याने लिहून ठेवले. दगडी भिंतींच्या मंदिरावर ज्यांची सत्ता होती, त्यांना हे पचणे कठीणच होते.

१६१८ मध्ये युरोपात तीस वर्षांचे युद्ध पेटले. त्यानंतर लवकरच त्याने बंदी झुगारून पुन्हा लेखणी उचलली आणि पुढील काही वर्षांत झपाट्याने ग्रंथ लिहिले. १६२४ च्या आरंभी मित्रांनी त्याचा ‘ख्रिस्ताकडे जाणारा मार्ग’ छापताच रिख्टरचा संताप पुन्हा उसळला. ब्योमे काही काळ ड्रेस्डेनला गेला. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला तो निवर्तला. त्याच्या अंत्यविधीलाही धर्मोपदेशकाने आढेवेढे घेतले, आणि थडग्यावरचा क्रूसही द्वेष्ट्यांच्या तडाख्यातून सुटला नाही.

त्याचे लेखन दुर्बोध आहे, रसायनविद्येच्या परिभाषेने ते जड झाले आहे, हे खरे. तरीही १६८२ मध्ये ॲमस्टरडॅमला त्याचे समग्र ग्रंथ छापले गेले. इंग्लंडात विल्यम लॉ आणि कवी ब्लेक यांनी त्याच्यापासून प्रेरणा घेतली. हेगेलने तर त्याला पहिला जर्मन तत्त्वज्ञ मानले. रिख्टरचे नाव आज आठवते ते ब्योमेच्या चरित्रामुळेच.

धर्मसंस्था कोणतीही असो, अनुभवाचा मक्ता आपल्याकडेच आहे असे तिला वाटू लागले की तिच्या हातून असे अन्याय घडतात. ईश्वराचा जन्म कोणाच्या हृदयात व्हावा, हे ठरविण्याचा अधिकार पीठांना नाही आणि नगरसभांनाही नाही. ज्या समाजाला याचा विसर पडतो, तो आपल्या संतांना जिवंतपणी गप्प बसवितो आणि मेल्यावर त्यांच्या समाध्या बांधतो.