दुसरा बाबूराव

आपल्या हॉस्टेलमध्ये बाबूराव म्हटलं की एकच माणूस डोळ्यांसमोर येतो. ‘हेराफेरी’तला! जाड भिंगाचा चष्मा आणि धोतर. त्यामुळे मागच्या गॅदरिंगनंतर लायब्ररीत आमच्या ग्रंथपाल सरांनी मला सगळ्यांदेखत बाबूराव म्हटलं, तेव्हा बाकीची पोरं खो खो हसली आणि मी उगाच चष्मा पुसायला लागलो. सर मात्र हसत नव्हते. ते म्हणाले, तो बाबूराव नाही रे, दुसरा. बाबूराव पटेल. आधी त्याच्याबद्दल वाच आणि मग भित्तिपत्रकावर लिही.

झालं होतं असं. गॅदरिंगमध्ये फर्स्ट इयरच्या पोरांनी एक एकांकिका केली. हीरोचं काम करणारा पोरगा लोणारकडच्या एका खेड्यातला, स्टेजवर पहिल्यांदाच उभा राहिलेला. दोनदा वाक्य विसरला, एकदा माइकच्या वायरीत अडकला. मी भित्तिपत्रकात परीक्षण लिहिलं. त्याच्यापेक्षा स्टेजवरचा खांब बरा अभिनय करत होता, असं काहीतरी. मेसमध्ये जेवता जेवता पोरांनी ते मोठ्यानं वाचलं, टाळ्या पडल्या. दोन दिवस मी हवेत होतो. तिसऱ्या दिवशी कळलं की त्या पोरानं नाट्यमंडळातून नाव काढून घेतलं. मला वाटलं, एवढं काय त्यात? खरं तेच तर लिहिलं.

सरांच्या वडिलांकडे खामगावला बाबूरावांच्या मासिकाचे काही जुने अंक होते, तिथून सरांना हे नाव माहीत. मी रूमवर आलो आणि मोबाइलवर शोधायला लागलो. त्या मासिकाचे बरेच जुने अंक कुणीतरी स्कॅन करून इंटरनेटवर ठेवलेत. सबमिशन बाजूला राहिलं आणि मी पहाटे तीनपर्यंत वाचत बसलो.

बाबूरावांचा जन्म १९०४ चा, पालघरजवळच्या मासवण गावातला. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता. घराणं मराठी, आडनाव पाटील. पटेल हे त्यांनी नंतर केलं. शिक्षणाचं म्हणाल तर मॅट्रिकसुद्धा पुरं झालं नाही. मित्रांनो, आपल्याला एम-थ्री अडवतो, त्यांना मॅट्रिकनंच अडवलं! पण या माणसानं पुढं पंचवीस वर्षं देशातलं सगळ्यात जास्त चर्चेतलं सिनेमाचं मासिक काढलं, आणि तेही इंग्रजीत. आपल्यातले निम्मे जण मराठी माध्यमातून आलेले. व्हायवाला उत्तर येत असतं, पण इंग्रजीत तोंड उघडत नाही. मी स्वतः त्यातलाच. म्हणून हे वाचल्यावर मी मोबाइल खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या माणसानं वाचून वाचून आणि लिहून लिहून ती भाषा कमावली होती.

सुरुवातीला त्यांनी चित्रपटविषयक नियतकालिकात उमेदवारी केली. बोलपट नवा होता तेव्हा ‘सती महानंदा’, ‘महाराणी’ असे काही चित्रपटही दिग्दर्शित केले. त्यातून नाव झालं नाही. मग एप्रिल १९३५ मध्ये मुंबईतून ‘फिल्मइंडिया’ सुरू झालं. तोपर्यंत सिनेमावर छापून येणारा बराचसा मजकूर म्हणजे कंपन्यांची जाहिरात. बाबूरावांनी ती पद्धत उलटी केली. गुळगुळीत कागद, एस. एम. पंडितांसारख्या चित्रकाराची मुखपृष्ठं आणि आत मात्र फटके. ज्या कंपनीची पानभर जाहिरात, तिच्याच चित्रपटाची पुढच्या पानांवर साल काढलेली! वाचकांच्या प्रश्नांना संपादकांची उत्तरं हे सदर तर इतकं चालायचं की लोक अंक हातात आला की आधी ते पान उघडायचे. कुणी नटीचं वय विचारायचं, कुणी लग्नाचा सल्ला, कुणी गांधीजींबद्दल. उत्तर एक-दोन ओळींचं, पण झोंबणारं. ‘ज्युडास’ या टोपणनावानं मुंबईच्या सिनेजगतातल्या खबरा यायच्या त्या वेगळ्याच.

हे काम नुसत्या टवाळीचं नव्हतं. १९३८ मध्ये ‘द ड्रम’ आणि १९३९ मध्ये ‘गंगा दीन’ हे परदेशी चित्रपट आले. त्यांत हिंदुस्थानी माणूस एक तर रानटी, नाही तर साहेबाचा इमानी नोकर. राज्य इंग्रजांचं असताना बाबूरावांनी या चित्रपटांविरुद्ध आघाडी उघडली. ‘द ड्रम’वरून मुंबईत निदर्शनं झाली आणि चित्रपट उतरवावा लागला. पडद्यावर आपल्याला कसं दाखवतात हाही स्वाभिमानाचा प्रश्न आहे, हे इतक्या जोरात सांगणाऱ्यांत ते पहिल्या फळीतले होते. सआदत हसन मंटो त्या काळी मुंबईत होते. त्यांनीही नंतर बाबूरावांचं शब्दचित्र लिहिलं.

पण दुसरी बाजूही आहे, आणि माझी झोप तिनंच उडवली.

१९४४ मध्ये बॉम्बे टॉकीजचा ‘ज्वार भाटा’ आला. त्यात एक नवा पोरगा होता, पेशावरकडचा, एकवीस वर्षांचा. ‘फिल्मइंडिया’नं त्याला सोलून काढलं. पोरगा रक्त आटल्यासारखा, अर्धपोटी दिसतो, जेलमधून पळालेल्या कैद्यासारखा वाटतो आणि अभिनयाच्या नावानं शून्य, असा त्या परीक्षणाचा सूर होता. त्या पोराचं नाव दिलीपकुमार! दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, फिल्मफेअरचं उत्कृष्ट अभिनेत्याचं पहिलंवहिलं पारितोषिक त्यालाच मिळालं.

आणि गंमत पाहा. त्याच १९४४ साली बाबूरावांनी स्वतः दिग्दर्शित केलेला ‘द्रौपदी’ पडद्यावर आला. नायिका त्यांची पत्नी सुशीला राणी. त्या मुळात शास्त्रीय गायिका, अगदी तयारीच्या. पुढं २००२ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘द्रौपदी’ पडला. १९४६ मध्ये ‘ग्वालन’ काढला, तोही पडला. दुसऱ्यांच्या चित्रपटांतल्या चुका ज्याला अंधारातसुद्धा दिसायच्या, त्याला आपला चित्रपट उभा करता आला नाही. चांगला परीक्षक चांगला दिग्दर्शक असलाच पाहिजे असं नाही, हे मला मान्य आहे. पण दोनदा पडल्यावर माणसाच्या लेखणीत थोडी माया यायला हवी होती. तशी ती आली नाही.

उलट धार वाढत गेली. सुरुवातीला ‘प्रभात’ आणि व्ही. शांताराम यांचं तोंडभरून कौतुक करणारे बाबूराव पुढं शांतारामांवरच घसरले. ज्याच्याशी बिनसलं त्याचा चित्रपट त्यांना अचानक वाईट दिसायला लागतो, असं लोक बोलायचे. शांता आपटेंचा किस्सा तर सिनेजगतात अजून सांगतात. आपल्याबद्दलचं लिखाण वाचून ही बाई म्हणे हातात छडी घेऊन थेट ‘फिल्मइंडिया’च्या ऑफिसात शिरली आणि संपादकांना बदडून काढलं! १९३९ मध्ये प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसलेली बाई ती, तेव्हा किस्सा ऐकणाऱ्याला खरा वाटतो. वाचताना मला हसू आलं. मग लोणारकडचा तो पोरगा आठवला. त्यानं छडी आणली नव्हती. तो गुपचूप नाव कमी करून निघून गेला होता.

स्वातंत्र्यानंतर बाबूरावांचं मन सिनेमातून उडत गेलं. फाळणीनंतरच्या त्यांच्या लिखाणात मुसलमानांबद्दलचा कडवटपणा इतका वाढला की वाचताना आज लाज वाटते. ज्या लेखणीनं साहेबाला विचारलं होतं की आम्हाला रानटी का दाखवता, तीच आता आपल्याच देशातल्या माणसांना एका रंगात रंगवत होती. १९६० च्या सुमारास ‘फिल्मइंडिया’चं ‘मदर इंडिया’ झालं. त्यात सिनेमा कमी, राजकारण जास्त, शिवाय होमिओपॅथीचे सल्ले. १९६७ मध्ये मध्य प्रदेशातल्या शाजापूरमधून जनसंघाच्या तिकिटावर ते लोकसभेत गेले. १९८२ मध्ये त्यांचं निधन झालं. आज त्यांचं नाव आपल्या पिढीला माहीत नाही. त्यांनी ज्याला शून्य म्हटलं, तो मात्र आजीआजोबांपासून सगळ्यांना माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं सरांना सांगितलं आणि विचारलं, मग मी खोटं लिहायचं का? वाक्य विसरलाच होता ना तो? सर म्हणाले, वाक्य विसरला हे लिही की. ते खरं आहे आणि त्याच्या उपयोगाचं आहे. पण खांब कुणासाठी लिहिलास? मला उत्तर देता आलं नाही. खांब मी मेसमधल्या टाळ्यांसाठी लिहिला होता.

मला वाटतं बाबूरावांचंही हेच झालं असावं. गावाकडचा, मॅट्रिक न झालेला माणूस हिमतीनं उभा राहिला, भाषा कमावली, मोठमोठ्या कंपन्यांना घाबरला नाही. हे सगळं आपण घ्यायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं. पण महिन्याच्या महिन्याला टाळ्या मिळत गेल्या आणि फटका हीच सवय झाली. समोर कोण आहे, कंपनी आहे की पहिल्यांदा उभा राहिलेला पोरगा, हे पाहायचं राहून गेलं. दिलीपकुमार टिकला, कारण त्याला पुढचे चित्रपट मिळाले. फर्स्ट इयरच्या पोराला गॅदरिंग वर्षातून एकदाच मिळतं.

त्या रात्री मी त्याच्या रूमवर गेलो. आधी त्याला वाटलं मी परत काही थट्टा करायला आलोय. मी माफी मागितली. तो काही नाही, काही नाही म्हणत राहिला आणि घरून आलेला चिवडा पुढं केला. मग मी त्याला सांगितलं की दुसऱ्या प्रवेशात, बाप गेल्याची बातमी ऐकून तो जो काही क्षण नुसता थांबला होता, तेव्हा आख्खं मैदान शांत झालं होतं. ते मी पाहिलं होतं, पण लिहिलं नव्हतं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं ना, म्हणून!

यंदा तो नाट्यमंडळात परत आलाय, पण पडद्यामागं. लाइट सांभाळतो म्हणतो. स्टेजवर यायला अजून तयार नाही. बघू.

भित्तिपत्रकाचं म्हणाल तर परीक्षण लिहायचं मी सोडलेलं नाही. खाली माझं पूर्ण नाव आणि रूम नंबर असतो, आणि शेजारी एक कोरा कागद लावलेला असतो. ज्याच्यावर लिहिलंय त्यानं त्यावर उत्तर लिहावं. छडी घेऊन आलं तरी चालेल, रूम नंबर दिलेलाच आहे.