कल्याणजी वीरजी शाह

कल्याणजी वीरजी शाह (जन्म : ३० जून १९२८, मृत्यू : २४ ऑगस्ट २०००) हे हिंदी चित्रपटसृष्टीतील संगीतकार व वादक होते. धाकटे बंधू आनंदजी यांच्यासह ‘कल्याणजी-आनंदजी’ या जोडनावाने त्यांनी सुमारे अडीचशे चित्रपटांना संगीत दिले. मात्र संगीतकार म्हणून नाव होण्यापूर्वीच, १९५४ सालच्या ‘नागिन’ या चित्रपटातील पुंगीच्या सुरांमधून त्यांचे वादन देशभर पोहोचले होते. ते सूर पुंगीतून निघालेले नव्हते. क्लॅव्हायोलिन या विजेवर चालणाऱ्या वाद्यातून ते काढलेले होते. हिंदी चित्रपटसंगीतातील इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या इतिहासाचा आरंभ बहुधा याच वादनापासून सांगितला जातो.

बालपण आणि वाद्यवृंद

कल्याणजींचा जन्म कच्छमधील कुंद्रोडी येथे झाला. वडील वीरजी शाह यांनी मुंबईत येऊन किराणा मालाचे दुकान थाटले. मुलांचे बालपण गिरगावात, मराठी आणि गुजराती कुटुंबांच्या सरमिसळ वस्तीत गेले. दुकानाची उधारी फेडता न येणाऱ्या एका संगीतशिक्षकाने पैशांच्या बदल्यात या भावंडांना संगीत शिकवले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. त्या शिक्षकाचे ज्ञान बेताचेच होते असेही सांगतात. पण सुरांची गोडी लागायला तेवढे पुरले. पुढे कल्याणजी वादक म्हणून काम करू लागले आणि दोघा भावांनी ‘कल्याणजी वीरजी अँड पार्टी’ हा वाद्यवृंद उभा करून मुंबईत व मुंबईबाहेर कार्यक्रम केले.

क्लॅव्हायोलिन

क्लॅव्हायोलिन हे वाद्य फ्रान्समधील कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ मध्ये तयार केले. त्याचे दोन भाग असत : एक पट्ट्यांचा आणि दुसरा ध्वनिवर्धकाचा. जुन्या रेडिओत असत तसे व्हॉल्व्ह वापरून त्यात विद्युत्कंपने निर्माण केली जात. पट्ट्यांखालील खटके फिरवले की सुराचा पोत बदले. सुराला कंप देण्याची सोय होती. आवाज लहानमोठा करण्यासाठी गुडघ्याने ढकलायचा एक दांडा होता. एका वेळी मात्र एकच सूर वाजे. संवादी सुरांचे गुच्छ वाजवणाऱ्या पाश्चात्त्य वादकाला ही उणीव वाटली असती. एकेरी स्वररेषेवर उभ्या असलेल्या भारतीय गाण्याला तिची फारशी अडचण नव्हती.

‘नागिन’चे संगीतकार हेमंतकुमार होते आणि कथेला पुंगीची धून आवश्यक होती. गारुड्याची खरी पुंगी म्हणजे दुधी भोपळ्यात बसवलेल्या दोन नळ्या. एक नळी अखंड आधारस्वर देते, दुसरीवर बोटे फिरतात. तिची मजल जेमतेम एका सप्तकाची. शिवाय प्रत्येक पुंगीचा आधारस्वर तिच्या घडणीबरोबरच ठरून जातो, तो गाण्याच्या पट्टीप्रमाणे सहज बदलता येत नाही. व्हायोलिनांच्या ताफ्यासह गायिकेच्या पट्टीत वाजणाऱ्या गाण्यात ती बसवणे कठीणच. क्लॅव्हायोलिनचा सूर पुंगीसारखाच नाकातला आणि टोकदार होता, आणि तो हव्या त्या पट्टीत मिळत होता. कल्याणजींनी तो वाजवला. हेमंतकुमारांचे तेव्हाचे साहाय्यक, पुढे स्वतंत्र संगीतकार म्हणून नावारूपास आलेले रवी यांनी त्याला हार्मोनियमची जोड दिली. हार्मोनियमच्या रीडांमुळे त्या सुराचा यांत्रिक कोरडेपणा झाकला गेला.

पट्ट्यांच्या वाद्यावर खरी मींड निघत नाही. ‘नागिन’मधील वादन कान देऊन ऐकल्यास ही मर्यादा कशी ओलांडली हे उमगते. मुख्य स्वराच्या आधी झटकन स्पर्श करून जाणारे कणस्वर आणि लांब सुरावरचा कंप, यांतून स्वर घसरत गेल्याचा भास होतो. वाद्य परदेशी असले तरी ही करामत वाजवणाऱ्याच्या बोटांची होती.

चित्रपट प्रचंड लोकप्रिय झाला आणि हेमंतकुमारांना त्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. वादकाचे नाव मात्र सामान्य श्रोत्यापर्यंत फारसे गेले नाही. त्या काळच्या वादकांच्या वाट्याला बहुधा हेच येत असे. अनेकांनी ती खरी पुंगीच मानली. पुढे तर प्रकरण उलटे झाले : चित्रपटांत आणि लग्नाच्या वरातींत पुंगी म्हणून हीच धून वाजू लागली आणि खऱ्या गारुड्याची पुंगी त्यापुढे बेसूर वाटू लागली. अस्सल वाद्याच्या वादकांवर यात अन्याय झाला, हा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

संगीतकार म्हणून कारकीर्द

‘सम्राट चंद्रगुप्त’ (१९५८) हा कल्याणजींचा स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिला चित्रपट. १९५९ मधील ‘सट्टा बाजार’ व ‘मदारी’ यांपासून आनंदजींचे नाव जोडले गेले. ‘छलिया’ (१९६०), ‘जब जब फूल खिले’ (१९६५), ‘उपकार’ (१९६७), ‘डॉन’ (१९७८) हे त्यांचे गाजलेले चित्रपट. ‘सरस्वतीचंद्र’ला (१९६८) राष्ट्रीय पुरस्कार आणि ‘कोरा कागज’ला (१९७४) फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी आरंभी या जोडीकडे साहाय्यक म्हणून काम केले. विजेच्या वाद्यातून पुढे आलेल्या कल्याणजींनी ‘सरस्वतीचंद्र’मध्ये मुख्यतः पारंपरिक वळणाच्या चाली दिल्या, ही बाब नोंदवण्याजोगी आहे. वाद्याचे नावीन्य त्यांनी चालीवर लादले नाही.

१९७० च्या दशकात मूगसारखे सिंथेसायझर मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत आले आणि क्लॅव्हायोलिन मागे पडले. कल्याणजींचे पुत्र विजू शाह सिंथेसायझरचे वादक व पुढे ‘मोहरा’ (१९९४) या चित्रपटाचे संगीतकार म्हणून प्रसिद्धीस आले. कल्याणजी-आनंदजींनी नव्या गायकांनाही घडवले. साधना सरगम त्यांपैकी एक. १९९२ मध्ये या जोडीला पद्मश्री मिळाली.

२००५ मध्ये ब्लॅक आइड पीज या अमेरिकन समूहाने ‘अपराध’ (१९७२) व ‘डॉन’ या चित्रपटांतील त्यांच्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे आपल्या एका गाण्यात वापरले. त्या गाण्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला, आणि मूळ रचनाकार म्हणून बीएमआय या अमेरिकन संस्थेने कल्याणजी-आनंदजींच्या नावाची दखल घेतली. कल्याणजींचे मुंबईत निधन होऊन तेव्हा पाच वर्षे लोटली होती.