विश्लेषण : ग्रहणाचे चित्र आधीच काढणारे गणेश दैवज्ञ कोण होते?

ग्रहण किती वाजता लागणार, हे आज मोबाइलवर सेकंदासह कळते. पूर्वी बारामती-इंदापूरकडच्या गावजोशाला त्यासाठी पाटीवर आकडेमोड करावी लागे. ती आवाक्यात आणली 'ग्रहलाघव' या ग्रंथाने. त्याचे कर्ते गणेश दैवज्ञ.

गणेश कोकणातील मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे. वडील केशव हेही नामांकित ज्योतिषी. जुन्या ग्रंथांवरून येणारा ग्रह आणि आकाशात दिसणारा ग्रह जुळत नाहीत, हे त्यांनी वेध घेऊन पाहिले होते. मुलाने तेच काम पुढे नेले. 'ग्रहलाघव'चे गणित शके १४४२, म्हणजे इ.स. १५२० पासून सुरू होते. तेव्हा गणेश अवघे तेरा वर्षांचे होते, असे परंपरा सांगते. ग्रंथातील दुरुस्त्या पाहता ते पटणे जड जाते.

कारण त्यांनी कोणत्याही एका पक्षाची बाजू घेतली नाही. चंद्र सूर्यसिद्धान्ताचा घेतला, पण ९ कला वजा करून. गुरू, मंगळ आणि राहू आर्यपक्षाचे. शनीही तिथलाच, मात्र ५ अंश वाढवून. आकाशाशी जे जुळेल ते घ्यायचे, एवढाच नियम.

दुसरी करामत सोपेपणाची. ज्या-चाप, म्हणजे आजच्या भाषेत साइनची कोष्टके, त्यांनी गणितातून काढूनच टाकली. लाखो दिवसांची मोजणी टाळण्यासाठी ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र धरले. शके १४४७ मध्ये 'लघुतिथिचिंतामणी'ची कोष्टके देऊन पंचांगाचे कामही हलके केले.

ग्रहणाचे गणित झाले की परिलेख काढण्याची रीत होती. चंद्रबिंबाचे वर्तुळ, दिशांच्या रेषा, शरानुसार सरकवलेले छायेचे वर्तुळ. स्पर्श कोणत्या कडेला होणार आणि किती बिंब झाकले जाणार, हे या आकृतीत ग्रहणाआधीच दिसे. चित्र चुकले तर ते गावासमोर चुके. म्हणून मूळ आकडे बरोबर असणे महत्त्वाचे.

साडेतीनशे वर्षांत हे आकडेही आकाशापासून सरकले. १८६०च्या दशकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या गणिताचे पंचांग सुरू केले, तेव्हा अनेक जोशी 'ग्रहलाघव' सोडायला तयार नव्हते. गणेशांनी स्वतः जुने आकडे बदलले होते, हे या वादात मागे पडले. पुढे २२ जानेवारी १८९८ रोजी इंदापूरजवळ, भीमेपलीकडच्या जेऊरला खग्रास सूर्यग्रहण टिपण्यासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगामवाला उपकरणे घेऊन उतरले, ते नव्या गणिताच्या भरवशावर.