थिओडोर फॉन कारमान

कित्येकदां लहानशी थरथर यंत्राचा दोष म्हणून सोडून देण्यांत येते. पण तिच्याच पोटीं निसर्गाचा नियम दडलेला असूं शकतो. तो शोधून काढणाऱ्या एका थोर गणितज्ञाचें चरित्र आम्ही येथें वाचकांस सादर करीत आहों.

थिओडोर फॉन कारमान यांचा जन्म ११ मे १८८१ रोजीं हंगेरींतील बुडापेस्ट शहरीं झाला. वडील नामांकित शिक्षणतज्ज्ञ होते. सहाव्या वर्षींच मुलगा मोठमोठे गुणाकार तोंडीं करूं लागला. तेव्हां तो केवळ कौतुकाचा विषय होऊं नये, म्हणून वडिलांनीं तो खेळ बंद करून त्याच्या हातीं इतिहास-भूगोलाचीं पुस्तकें दिलीं.

पुढें जर्मनींत गॉटिंगेन येथें प्राध्यापक प्रांड्ट्ल यांच्या हाताखालीं कारमान यांनीं अभ्यास केला. तेथें हीमेंझ नांवाचा विद्यार्थी वाहत्या पाण्यांत दंडगोल धरून प्रयोग करीत असे. पाणी कांहीं केल्या स्थिर वाहेना. दंडगोल अधिक वाटोळा केला, तरी थरथर तशीच! दोष उपकरणाचा नसावा, असें कारमान यांच्या मनानें घेतलें. १९११ सालीं त्यांनीं गणितानें दाखविलें कीं, दंडगोलामागील भोवऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर टिकत नाहींत. भोवरे डावी-उजवीकडे एकाआड एक असले तरच टिकतात. म्हणून दंडगोलास आळीपाळीनें दोन्ही बाजूंस धक्के बसतात.

हाच न्याय वाऱ्यास लागू आहे. विजेच्या उपकेंद्रांत वीज नेण्यासाठीं ॲल्युमिनियमच्या लांब नळ्या आडव्या बसवितात. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळीवरून सेकंदास ५ मीटर वेगाचा मंद वारा गेला, तर तिला सेकंदास सुमारें १० हेलकावे बसतात. नळीचा स्वाभाविक कंप त्याच गतीचा असला, तर थरथर वाढते आणि कालांतरानें जोडाशीं धातूस तडा जातो. उपाय साधा आहे: नळीच्या पोटांत पिळाच्या तारेचा दोर सैल सोडतात. नळी कांपूं लागली कीं तो आंत आपटतो, घासतो आणि कंपाची शक्ति गिळून टाकतो.

१९३० सालीं कारमान अमेरिकेंत स्थायिक झाले. नोव्हेंबर १९४० मध्यें टॅकोमा येथील झुलता पूल ताशीं सुमारें ४० मैल वेगाच्या वाऱ्यांत कोसळला, तेव्हां ते चौकशी मंडळावर होते. त्यानंतर मोठ्या झुलत्या पुलांचे नमुने आधीं वायुबोगद्यांत पारखण्याची पद्धत रूढ झाली. १९६३ सालीं अमेरिकेचें राष्ट्रीय विज्ञानपदक प्रथम त्यांनाच मिळालें, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत आखेन येथें त्यांचें निधन झालें.

विद्यार्थिमित्रांनो, प्रयोगाचें उत्तर जुळेनासें झालें, तर आधीं उपकरण नीट तपासावें. तरीहि तेंच दिसत राहिलें, तर तें पुसून न टाकतां वहींत लिहून ठेवावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.